सरांचं ‘अनबिकमिंग’

‘अनबिकमिंग’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या चपलांबद्दल. चेन्नईत तिरुवान्मियूरला खोली घेऊन आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी कंपनीच्या गाडीतून उतरले, फाटक ढकललं, जिन्याच्या पहिल्या पायरीवरच चपला काढल्या आणि वर निघाले. मागून आवाज आला, “दिस इज अनबिकमिंग.” वळून बघते तर घरमालक. ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसलेले, इंग्रजी पेपर डोळ्यांसमोर तसाच धरलेला. म्हणजे डोळे पेपरात आणि लक्ष माझ्या चपलांवर! मी चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या आणि वर जाऊन आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

मी सांगलीची. दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट, नुकतीच नोकरीला लागले होते. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. सरळ चाललेलं काही दिसलं की आम्हाला आधी शंका यायची. तेव्हा संशय ही माझ्या पोटापाण्याचीच गोष्ट होती, आणि तो मी ऑफिसातून घरी येताना बरोबर घेऊनच यायचे.

घरमालक तंजावरकडचे मराठी. एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, मीही म्हणायचे. घरात ते आणि त्यांच्या बायको. त्यांना मी चेन्नईच्या रीतीनं मामी म्हणायला गेले तर म्हणाल्या, “मामी कशास गे? आपण एका भाषेचीं. काकू म्हण.” त्यांची भाषा ऐकून मला आधी हसू यायचं. जुन्या बखरीतून उचललेलं मराठी आणि त्याला तमिळची चाल. विचारणं म्हणायचं नाही, पुसणं म्हणायचं. ‘तुला’ नाही, ‘तुज’. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहूनही ही भाषा त्यांनी घरात जपून ठेवली होती, दिवाळीची भांडी जपतात तशी.

आणि त्या भाषेबद्दल त्यांच्या घरात एक नियम होता. मराठीतून कुणाला वाईट म्हणायचं नाही. काकूंच्या सासूबाईंची ती शिस्त. घरातल्या भाषेत वाईट बोललं की घरातल्याच कुणाचं तरी वाईट होतं, असं त्या म्हणायच्या. मग भांडायचं कसं? भाजीवाल्याशी तमिळमधून. आणि घरातल्या घरात काही खटकलं तर सर इंग्रजीतलं ते एक विशेषण वापरत. जन्मभर मुलांच्या निबंधांवर लाल शाई ओतलेल्या माणसाकडे निषेधाची विशेषणं काय कमी असतील! पण घरासाठी त्यांनी हे एकच ठेवलं होतं.

कुकरची एक शिट्टी जास्त झाली, अनबिकमिंग. काकूंनी फोनवर बहिणीशी तासभर गप्पा मारल्या, अनबिकमिंग. त्यांच्या स्वतःच्या बनियनला भोक पडलं, तेही अनबिकमिंग, आणि तसं म्हणून ते बनियन दिवसभर अंगात. मी जिन्यात फोनवर हसले की पेपरामागून शब्द यायचाच. टँकरवाला मात्र निम्मं पाणी वाटेत सांडून येई, वर हुज्जत घाली, त्याला सरांनी हे विशेषण कधी लावलं नाही. त्याला नुसतं “पो, पो”, म्हणजे जा, जा, म्हणून वाटेला लावत. हे मी बघत होते, पण त्याचा अर्थ लावायचं डोकं मला तेव्हा नव्हतं.

ऑफिसात एकदा मी तो शब्द बघून घेतला. शोभा न देणारं, न साजेसं. हात्तिच्या, एवढंच? मग एवढ्या जोरात कशाला म्हणायचं? पण घरी आले की ती खुर्ची, तो पेपर, आणि मला वाटायचं, हा म्हातारा माझ्यावर पाळत ठेवून आहे. मी किती वाजता येते, कुणाबरोबर येते, वर कोण येतं. सांगलीत आमच्या समोर एक बाई होत्या, सगळ्या गल्लीचं गॅझेट. त्यांना चुकवून इतक्या लांब आले तर इथे हे! मी काकूंशी गोड आणि सरांशी तुटक वागायचे, आणि खोलीला कुलूप दोनदा ओढून बघायचे.

अशात तो मुलगा भेटला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, आरतीला. टाळ इतका बेताल वाजवत होता की मी त्याच्या हातातून तो काढून घेतला. मूळचा नाशिकचा, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात गाड्यांचे भाग बनवायच्या कामावर. म्हणजे तो शहराच्या पार त्या टोकाला आणि मी या टोकाला. रविवारी आम्ही मध्ये कुठेतरी भेटायचो, डोसा खायचो आणि परत आपापल्या टोकाला जायचो. बोलायचा कमी. पण हसायला लागला की शेजारच्या टेबलावरची माणसं दचकून बघायची, असं ते हसणं. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मला हा मुलगा हवा होता. दोन्ही घरी सांगितलं, पत्रिका-बित्रिका झाली, आणि त्याच्या आईनं सांगून पाठवलं की तेवढी चौकशी झाली की बैठक करू.

चौकशी आमच्याकडे सगळेच करतात, त्यात रागावण्यासारखं काही नाही. पण ती उघड करायची नसते, आडून करायची असते. माझ्या चुलतबहिणीच्या स्थळाची चौकशी करायला आमचे काका त्या मुलाच्या न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले होते. आमच्या या नाशिकच्या मुलाचे मामा पुण्याचे, कटलरीचा घाऊक धंदा, मालासाठी चेन्नईच्या जॉर्ज टाउन बाजारात त्यांची फेरी असायचीच. तेव्हा चौकशी त्यांच्याकडे येणार हे मला कळायला हवं होतं. पण मला वाटत होतं, विचारतील तर ऑफिसात विचारतील.

एका शनिवारी मी बाजारातून आले तर ओसरीवर कॉफीचे दोन पेले. एक रिकामा, एक तसाच भरलेला, वर साय धरलेली. सर पेपरात. मी काकूंना विचारलं, कोण आलं होतं?

“खोली पुसायास कोणी आलेला.”

“खोली? कुठली खोली? माझी?”

काकू पेले उचलून आत गेल्या. झालं! माझ्या डोक्यात चक्र सुरू. मला काढायचं घाटतंय. भाडं वाढवायचं असेल. नाहीतर माझ्या हसण्याचा कंटाळा आला असेल. रविवारी त्या मुलाला फोन केला तर त्यानं उचलला नाही. सोमवारी उचलला आणि “शिफ्ट आहे, नंतर बोलतो” म्हणाला. तो ‘नंतर’ काही आला नाही. कुठंतरी माशी शिंकली होती, पण कुठं ते कळेना.

मग आईचा फोन आला.

“खरं सांग, तिकडं काय चाललंय तुझं?”

“काय चाललंय म्हणजे? ऑफिस चाललंय.”

“मग तुझे घरमालक असं का बोलले? मुलाचे मामा गेले होते तिथं. खोली बघायला म्हणून. वरची मुलगी कशी आहे विचारलं तर घरमालकांनी एकच शब्द सांगितला. थांब, मी लिहून घेतलाय.” आणि आईनं तो शब्द मला फोनवर एकेक अक्षर करून सांगितला. कॉन्व्हेंटचं तोंड न बघितलेली माझी आई, यू, एन, बी करत होती. “बाबांनी इथल्या शाळेतल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, अशोभनीय. अगं, काय केलंस तू अशोभनीय?”

“काही नाही केलं आई! जिन्यात चपला ठेवल्या!”

“चपलांवरून कुणी असं बोलतं होय?” मागून बाबांचा आवाज आला, तिला म्हणावं नोकरी सोड आणि ये परत. आणि फोन बंद.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण रागाच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, ते सांगते. मी स्वतःलाच तपासायला लागले. गाडीचा ड्रायव्हर एकदा फाटकापर्यंत बॅग घेऊन आला होता, ते बघितलं असेल? ऑफिसातला एक जण पुस्तक द्यायला आला आणि पाणी पिऊन गेला, ते? गच्चीवर मी केस मोकळे सोडून उभी होते, ते? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं चोरी न करताच माझ्या मनात टिपूर चांदणं पडलं होतं. दूधवाला बघून हसला तर वाटे, यालाही सांगितलंय. काकूंनी वाटी झाकून वर पाठवली तर वाटे, मनाला खातंय म्हणून पाठवलीय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या मुलाबद्दल वाटायला लागलं. एका शब्दावर गप्प बसतो हा? उद्या दहा शब्द कुणी सांगितले तर?

शेवटी एका संध्याकाळी मी खाली उतरले. मुद्दाम चपला पायरीच्या मधोमध काढून.

“सर, माझ्याबद्दल विचारायला कोण आलं होतं?”

पेपर खाली आला. “खोली पाहिजे म्हणाला. खोटें. खोली पाहिजे तो मनुष्य अगोदर नळास पाणी येतें का पुसतो. हा पुसे, पोरगी घरास केव्हां येते.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं तो कशासाठी आलाय?”

“सोयरीक पाहाणाऱ्याचा चेहरा मज कळतो.”

“आणि कळूनसवरून तुम्ही मला अनबिकमिंग म्हणालात?”

“गुड गर्ल म्हटलें. सम्टाइम्स अनबिकमिंग.” त्यांनी बोट वर केलं. “सम्टाइम्स.”

ते ‘सम्टाइम्स’ मामांनी जॉर्ज टाउन ते पुणे वाटेत कुठंतरी टाकून दिलं होतं. पण माझं डोकं इतकं तापलेलं की मला तो खुलासाही नको होता. मी म्हटलं, “तुम्हाला काय अधिकार? मी भाडं देते तुमचं, उपकार नाही करत तुम्ही! एका शब्दानं माझं लग्न मोडलंत. महिनाअखेर मी खोली सोडतेय.” आवाज इतका चढला की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला. मला वाटलं, आता तो शब्द येणार. यायलाच हवा होता, मोठ्यांशी असं बोलणं त्यांच्या घरात बसणारं नव्हतं. पण सर खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले आणि आत गेले. पेपर खाली पडला तो तसाच.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. ऑफिसला निघाले तेव्हा काकू दारात कोहळा घेऊन बसल्या होत्या. वरून भोक पाडून त्यात कुंकू भरत होत्या, दृष्ट काढून रस्त्यावर फोडायला. मी न बोलता जाणार, तोच त्यांनी कुंकवाच्या हातानं माझं मनगट धरलं.

“बैस गे.”

“गाडी येईल काकू.”

“येऊं दे. बैस.” मग म्हणाल्या, “वर तुझ्या अगोदर पुष्कळ पोरी राहिल्या. त्यांच्या चौकशीस लोक येत. हे काय म्हणत, ठावें? व्हेरी गुड, व्हेरी गुड. अन् फाटक लावून घेत. कोणाची पोर, आपणांस काय.”

“मग मीच काय घोडं मारलं होतं?”

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नुकतीच जन्माला आले होते. “आपल्या लेकराचें निव्वळ बरेंच बरें कोण सांगतें, अम्मा? परक्यापुढें? दृष्ट नाहीं लागत? बाळास तीट लावितात तसें एक उणें सांगावें लागतें. आमच्यांत सांगतात. मराठींत तर वाईट बोलतां येत नाहीं. म्हणून हे तें इंग्लिश बोलले.”

तीट! आमच्या सांगलीत पण लावतातच की. गोऱ्यापान बाळाच्या गालावर काजळाचा टिपका, कुणाची नजर लागू नये म्हणून. शेजाऱ्याच्या बाळाला कुणी आपल्या हातानं तीट लावत नाही, आपल्याच बाळाला लावतात. पण मी एवढ्यात विरघळणारी नव्हते. “काकू, तीट गालाला लावतात, नावाला नाही!” मी म्हटलं आणि मला रडूच आलं.

“होय गे,” काकू म्हणाल्या. “तें खरें.” थोडा वेळ त्या कोहळ्यात कुंकू दाबत राहिल्या. “आमच्या लेकीच्या वेळेस त्यांनीं उणें नाहीं सांगितलें. पाहुण्यांपुढें निबंध म्हटला. एक्सलंट म्हणे, ब्रिलियंट म्हणे. सगळे ऐकत राहिले. तें लग्न नाहीं टिकलें. ती आतां एकटीच असते, दूरदेशीं. फोन करिते, पण हसत नाहीं. तूं जिन्यांत हसतेस तेव्हां हे पेपर पालटीत नाहींत, पाहिलेंस कधीं?”

मी नव्हतं पाहिलं. मी फक्त पेपर वर धरलेला बघितला होता.

राग गेला असं म्हणणार नाही. निम्मा गेला, निम्मा राहिला. गाडीत बसल्यावर मला आईचं आठवलं. “शोभतं का हे तुला?” हे आई मला दिवसातून चारदा म्हणायची, शेजारच्या मुलीला जन्मात कधी म्हणाली नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला शोभलं काय आणि न शोभलं काय! टँकरवाल्याला सर तो शब्द का लावत नव्हते ते मला त्या गाडीत कळलं. ऑफिसातल्या शब्दकोशानं अर्थ बरोबर दिला होता, पण तो शब्द कुणाला म्हणायचा आणि कुणाला नाही, ते त्यात नव्हतं. पण हे सगळं मी त्या पुण्याच्या मामांना कसं सांगणार? आणि माझं लग्न तर अडलेलंच होतं.

संध्याकाळी मी सरांना म्हटलं, “तुम्हीच बिघडवलंय, तुम्हीच नीट करा. मामांना फोन करा.” ते आत जाऊन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि फोनजवळ उभे राहिले. बसले नाहीत, उभे. नंबर मी लावून दिला. आणि मग त्यांनी जे सुरू केलं! एक्सलंट गर्ल, एक्झेम्प्लरी कंडक्ट, हाय मॉरल फायबर. एकही उणं नाही. वर्गात उभं राहून म्हणावं तसं म्हणत होते आणि कपाळावर घाम साचत होता. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. काकू जणू वाटच बघत होत्या. लगेच मीठ आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन आल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. खकाण्यानं आम्ही तिघंही ठसकत बसलो. असा ठसका इतर वेळी सरांनी खपवून घेतला नसता.

आणि काय उपयोग झाला? दुसऱ्या दिवशी आईचा फोन. मामा म्हणाले म्हणे, “परवा अशोभनीय आणि आज एकदम देवी? कुठंतरी पाणी मुरतंय. पोरीनं म्हाताऱ्याला दम तरी दिला असणार, नाहीतर गुंडाळला असणार.” घ्या! उणं सांगितलं तर डाग, कौतुक केलं तर कट. तेलही गेलं, तूपही गेलं. आमच्या लोकांना एकदा शंका आली की देव जरी साक्षीला आला तरी त्याला विचारतील, तुला किती मिळाले?

मी त्या मुलाला मेसेज केला. आर्जवं-बिर्जवं काही नाही. लिहिलं, ‘जे काय असेल ते तोंडावर विचार. नसेल विचारायचं तर तेही तोंडावर सांग.’ संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मग एकच ओळ आली, ‘रविवारी घरी येतो.’ मला वाटलं, नाही म्हणायला येतोय. चांगल्या घरचा आहे, फोनवर नाही म्हणायचं नाही म्हणून येतोय. रविवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी तो आला. गुम्मिडिपूंडीहून लोकलनं सेंट्रलला, तिथून बसला लोंबकळत. शर्ट पाठीला चिकटलेला. मी काकूंबरोबर आतल्या दाराआड. सर ओसरीवर खुर्चीत, पेपर धरून. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही.

“खोली पाहिजे?”

“नाही,” तो म्हणाला. “मुलगी पाहिजे.” मग स्वतःच गडबडला. “म्हणजे, चौकशीला आलोय. मामांची चौकशी झाली, ही माझी.”

काकूंनी माझा दंड घट्ट धरला. सरांनी पेपर अर्धा खाली केला. “तूं राहातोस तेथें नळास पाणी येतें?”

“एक दिवसाआड. बाकी टँकर.”

“अं.” पेपर आणखी थोडा खाली. “पूस.”

“सर, मामांना तुम्ही आधी सांगितलंत ते खरं, की नंतर फोनवर सांगितलंत ते?”

हाच तो प्रश्न. सर आता निबंध म्हणतील, आणि हा पण म्हणेल पाणी मुरतंय. नाहीतर निबंध म्हणणार नाहीत, आणि मग सगळंच संपलं. मला बाहेर जाऊन मधे पडावंसं वाटत होतं, पण काकू दंड सोडीनात.

“पहिलें खरें,” सर म्हणाले. “दुसरें तिनें सांगावयास लाविलें.”

मेले! मी डोळे मिटून घेतले.

“काय आहे मग तिचं अनबिकमिंग?”

“जिन्यांत मोठ्यानें हसते. चपला वाटेंत टाकिते. कुलूप दोनदां ओढून पाहाते अन् चावी तेथेंच विसरते, ती मी काढून ठेवितों. दूध उतूं घालिते.” सरांनी जरा विचार केला. “अन् मजसीं भांडली. ह्या ओसरीवर, सगळ्या गल्लीपुढें. म्हणाली, तुम्हांस काय अधिकार.”

“तुमच्याशी भांडली? तोंडावर?”

“तोंडावर.”

त्यानं सरांकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे. आणि मग हसला. तेच हसणं, दचकवणारं. कुंपणावरचा कावळा उडाला, इस्त्रीवाल्यानं परत मान वर केली. हसता हसता म्हणाला, “सर, मग मामा काय चीज आहेत! त्यांचं मी बघतो. लग्न मला करायचंय, त्यांना नाही.” आणि परत हसायला लागला.

सरांनी पेपर पूर्ण खाली ठेवला. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. घामेजला शर्ट, विस्कटलेले केस, उघडं तोंड. मग त्यांची नजर फाटकाकडे गेली. त्याच्या चपला जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडलेल्या होत्या, एक उलटी आणि एक सुलटी, येणाऱ्याजाणाऱ्यानं अडखळून पडावं अशा.

“दिस,” सर म्हणाले, “इज अनबिकमिंग.”

त्याचं हसू एकदम मावळलं. इकडे काकूंनी माझा दंड सोडला आणि लगबगीनं आत गेल्या. कॉफीचं पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तेव्हा हसत होते की रडत होते कुणास ठाऊक, तोंड पदरात, म्हणजे ओढणीत, कोंबलेलं. तो बिचारा पार पांढरा पडला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “संपलं ना सगळं?”

“ठरलं,” मी म्हटलं. “आधी त्या चपला उचल.”